त्रुटीसाहेब आणि वरचे तेरा तुकडे

आमच्या सासऱ्यांना कचेरीत त्रुटीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वजनमापांच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली ती आलेले अर्ज परत पाठवण्यात. मंजुरी देणं हे शेजारच्या टेबलाचं काम. यांच्याकडे फक्त त्रुटी काढण्याचं. माणसाला वर्षानुवर्षं नुसते खडे वेचायला बसवलं तर त्याला तांदूळ दिसेनासे होतात, तसं त्यांचं झालं होतं. निवृत्त झाले, टेबल सुटलं, पण खिशातलं लाल पेन काही सुटलं नाही.

सासूबाईंनी म्हणूनच सामानाची यादी लिहिणं सोडून दिलं होतं. "लिहिली की परत येते," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा डोक्यात ठेवलेली बरी. डोक्यात यांना पेन घालता येत नाही."

मी फ्रिज दुरुस्त करतो. माझ्या धंद्यात फ्रिज थंड होतो किंवा होत नाही, मधलं काही नसतं. त्यामुळे या माणसाशी माझं फारसं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या लग्नाची पत्रिका त्यांनी छापायच्या आधी तपासली होती. समासात लाल पेनानं लिहिलेलं, 'वराचा व्यवसाय संदिग्ध. काम फ्रिजचे की फ्रिजमध्ये?' पत्रिका छापखान्यात जायच्या आधीच परत परत येत राहिली आणि शेवटी सासूबाईंनी ती नवऱ्याची नजर चुकवून छापून घेतली, म्हणून आमचं लग्न झालं. माझ्या बायकोचं लहानपण तर विचारूच नका. तिनं घराचं चित्र काढून दाखवलं की 'दिनांक?' असा शेरा मिळायचा. वसतिगृहातून पाठवलेली पत्रं शेऱ्यांसकट उलट टपाली यायची. एकुलती एक लेक, जीव तर होताच, पण शाबासकी त्या घरात कधी कोणी ऐकली नाही.

अशा घरच्या लेकीनं गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि परदेशातून चित्रकोडी मागवायचं ठरवलं. एका खोक्यात पुठ्ठ्याचे पाचशे तुकडे, जुळवले की चित्र तयार. शाळांना सुट्टी लागायच्या आत दुकानांत माल पोचला तर चांगला खपेल, असा तिचा हिशोब होता आणि तो मलाही पटला होता. साठवलेलं सगळं त्यात घातलं. माल जहाजावर चढला. आणि मग कळलं, की बंद खोक्यातला माल बाहेरून आणून विकायचा तर आधी आयातदार म्हणून नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर माल बंदराच्या गोदामात पडून राहणार आणि सुट्टी त्याच्यासाठी थांबणार नाही. नोंदणी करणारं खातं कुठलं? तर सासऱ्यांचंच.

"एखाद्या एजंटाला देऊन टाक," मी म्हणालो.

"नाही. आधी बाबांना दाखवते," बायको म्हणाली. "त्यांच्या हाताखालून कागद गेला की मग जगात कुठे अडायचा नाही." मग म्हणाली, "आणि मला एकदा तरी त्यांच्या तोंडून 'बरोबर आहे' असं ऐकायचंय. हसू नकोस."

मी हसलो नाही. कपाळाला हात मात्र लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाइल घेऊन गेलो. सासरे पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी फाइल घेतली, समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बसा. आपला अर्ज कशासंबंधी आहे?"

मी मागे वळून पाहिलं, कोणी परकं माणूस आलंय की काय! खोलीत आम्हीच होतो. पोटच्या पोरीला ते 'आपण' म्हणत होते.

"बाबा, मी आहे," बायको म्हणाली.

"ते ओळखपत्रावरून बघू."

मग त्यांनी एकेक कागद उजेडात धरायला सुरुवात केली. फोटोत बायको किंचित हसत होती. "अर्जात हसण्याचं कारण नमूद नाही," ते म्हणाले. फोटो बाजूला गेला. माल ठेवायची जागा म्हणून माझ्या दुकानामागच्या खोलीचं छायाचित्र जोडलं होतं. त्यात कोपऱ्यात माझा एक उघडा फ्रिज आला होता. "हा माल यादीत नाही." छायाचित्र बाजूला गेलं. हमीपत्रावर सही कागदाच्या फार खाली होती, म्हणजे मधल्या जागेत कोणीही काहीही लिहू शकत होतं. तेही गेलं. शेवटी फाइलमध्ये राहिली ती फाइलच.

"त्रुटी दूर करून उद्या या," ते म्हणाले. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा काढला आणि त्याच तोंडानं म्हणाले, "जेवलीस का गं? किती वाळलीयस! आईनं तुझ्यासाठी काढून ठेवलंय."

जेवताना मी म्हणालो, "आता बसलोच आहोत तर मालाची यादी तेवढी बघून टाका."

"जेवणाच्या सुट्टीत नाही, जावईबुवा."

माझ्या घशात घास अडकला. सासूबाईंनी पाणी पुढे केलं आणि हळूच म्हणाल्या, "मी कसे दिवस काढले असतील, करा विचार."

असं बरेच दिवस चाललं. बायको न हसणारा फोटो काढून आली. मी फ्रिज हलवला. मग लेबलाचा नमुना आला. प्रत्येक खोक्यावर चिकटवायच्या त्या चिठ्ठीवर आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, तुकडे किती, किंमत, आणि गिऱ्हाइकाला तक्रार करायची झाली तर फोन नंबर, इतकं लागतं. बायकोनं नंबर माझा दिला होता, कारण तिचा सारखा लागलेला असतो.

त्याच दुपारी मी एका खानावळीच्या मोठ्या फ्रिजच्या पाठीमागे आडवा पडलेला, तोंडात स्क्रू, आणि फोन वाजला. पलीकडून कोणीतरी नाकातून बोलत होतं, "तुमच्या कोड्यातली गाय निघाली नाही."

"कुठून निघाली नाही?"

"खोक्यातून. चित्रात गाय आहे. तुकड्यांत नाही. काय करणार आहात?"

माझा पारा आधीच चढलेला. मी म्हणालो, गायीला शोधायला मला वेळ नाही, आणि आणखी दोन शब्द बोललो, जे इथे लिहीत नाही. संध्याकाळी फाइलवर लाल शेरा होता, 'तक्रार निवारण असमाधानकारक. भाषा असभ्य.'

"तो आवाज तुमचा होता?" मी ओरडलो.

"चाचणी होती," सासरे शांतपणे म्हणाले. बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं, आणि मला वाटलं, चला, निदान हसतेय तरी.

हसू टिकलं नाही, कारण पुढची पाळी तुकड्यांची आली. "पाचशे लिहिलंय. मोजले?"

"बाबा, कारखान्यानं मोजलेत. खोक्यावर छापलंय, बिलावर छापलंय."

"आपण मोजले का, असं विचारतोय."

नमुन्याचं एक खोकं आमच्याकडे आलं होतं. बायको म्हणाली, ओतू आणि मोजू. सासऱ्यांना ते मान्य नव्हतं. ओतलेले तुकडे दोनदा मोजले जातात, एखादा तिसऱ्याच खोक्यातला असू शकतो. खरी मोजणी एकच, ती म्हणजे चित्र पुरं करणं. त्यांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. चित्र होतं कुठल्याशा कुरणाचं. खाली एक गाय, बाकी सगळं निळं आकाश. गाय पहिल्याच बैठकीत झाली. आकाशानं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. सासूबाई आणि ते पलंगावर बसून जेवू लागले. जहाज तिकडे बंदराकडे सरकत होतं आणि इकडे सासरे निळ्याला निळं लावून बघत होते. बायकोची झोप उडाली, मी चिडचिड करून तिची उरलीसुरलीही उडवली.

सुटका केली ती सासूबाईंनी. नवरा दुपारी आडवा झाला की त्या आकाशाचे तुकडे भराभर लावून टाकत. सासऱ्यांना संशय आला. "यात हस्तक्षेप झालाय," ते म्हणाले. "वारा आला असेल," सासूबाई म्हणाल्या.

चित्र पुरं झालं. एकही तुकडा कमी नाही, एकही उरला नाही. सासऱ्यांनी आडव्या ओळी मोजल्या, उभ्या मोजल्या, सत्तावीस गुणिले एकोणीस केले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "पाचशे तेरा!"

"मग चांगलंच की," मी म्हणालो. "तेरा फुकट."

"जास्त असणं हीसुद्धा त्रुटीच."

बायको कळवळून सांगत होती, "बाबा, पाचशेच राहू द्या. सगळीकडे पाचशेच आहे." पण पेन चाललं होतं. यादीत आणि लेबलाच्या नमुन्यात त्यांनी पाचशेवर लाल रेघ ओढली, वर पाचशे तेरा लिहिलं आणि हात सवयीनं पुढे जाऊन शेजारी स्वतःची सहीसुद्धा करून मोकळा झाला. नवे कागद करायला वेळ नव्हता. माल बंदरात लागला होता.

"मग आता बरोबर आहे ना, बाबा?" तिनं विचारलं.

त्यांनी फाइल मिटली. "सादर करायला हरकत नाही. पुढचं तिथले बघतील."

तिनं मान हलवली आणि फाइल उचलली. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी चहा न घेताच बाहेर पडलो.

कचेरीत आम्ही तिघं गेलो. सासरे इस्त्रीचे कपडे घालून आलेले. त्यांच्या जुन्या टेबलाच्या जागी आता पिण्याच्या पाण्याची टाकी होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खिडकीशी आले. खिडकीमागच्या मॅडम आमच्या बायकोहून लहानच असतील. त्यांनी कागद भराभर उलटले, इतके भराभर की सासऱ्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. "वाचा तरी," ते पुटपुटले. तेवढ्यात मॅडम थांबल्या.

"हे काय? बिलात पाचशे, खोक्यावर पाचशे आणि यादीत पाचशे तेरा. नक्की कुठला माल आणताय तुम्ही?"

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुकडे पाचशे तेराच आहेत," सासरे पुढे झाले. "प्रत्यक्ष जुळवून मोजलेत. खोक्यावरचा आकडा चुकीचा आहे."

"चुकीचा कसा? छापलेला आकडा म्हणजे निदान इतके आहेत, एवढीच हमी. कमी निघाले तर लोक इथे भांडायला येतात. तेरा जास्त निघाले म्हणून आजवर कोणी आलेलं नाही." मॅडमनी लाल सहीवर बोट ठेवलं. "आणि ही सही अर्जदाराची नाही. कोणाची आहे?"

"माझी."

"तुम्ही कोण?"

या इमारतीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "आकडा तुम्हाला खरंच चुकीचा वाटत असेल तर मी फाइल वरच्या साहेबांकडे पाठवते. तिथे महिना कुठे गेला कळत नाही. नाहीतर दुरुस्ती ज्यांनी केली त्यांनी मागे घेतो असं लिहून द्यावं, मी आत्ता पुढे सरकवते."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. नोकरी गेलेली, साठवण गेलेली, आणि तरीही ती बापाला 'मागे घ्या' म्हणणार नव्हती. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. तुकडे तर खरंच पाचशे तेरा होते. त्यांनी ते डोळे दुखेपर्यंत जुळवले होते.

"कागद द्या," ते म्हणाले. खिशातून पेन काढलं.

"लाल नाही चालत, आजोबा."

त्यांच्याकडे दुसरं पेनच नव्हतं. बायकोनं आपलं निळं दिलं. ते खिडकीच्या कठड्यावर वाकून सावकाश लिहू लागले. लिहून झाल्यावर मॅडमनी नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "'यादीतील व लेबलावरील दुरुस्ती मी केली असून ती चुकीची आहे. अर्जदाराने मुळात लिहिलेले सर्व काही बरोबर आहे.'" त्यांनी मान वर केली. "सर्व काही?"

"सर्व काही," सासरे म्हणाले.

"सहीखाली अर्जदाराशी नातं लिहा."

त्यांनी 'वडील' असं लिहिलं. मॅडमनी शिक्का मारला आणि पोचपावती खिडकीतून बाहेर सरकवली. बायकोनं ती न बघताच माझ्या हातात दिली. डोळे भरून आले होते तिचे.

"मॅडम, या कागदाची मला एक प्रत मिळेल?" तिनं विचारलं.

"याची प्रत लागत नाही. पावती पुरते."

"लागते," बायको म्हणाली.

मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनी कागद बाहेर दिला आणि लगेच परत आणा म्हणाल्या. बायको हात पुढे करणार, तेवढ्यात सासऱ्यांनी तो उचलला, खिशातली नाणी चाचपली आणि झेरॉक्सच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.