जावईबापूंचा मापाचा डबा

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला गेलेल्या जावयानं ‘बास’ म्हटलं की सासूला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून वडीगोद्रीला मी नववा धोंडाही खाल्ला, वर वाटीभर तूप. तासाभरात बेंबीच्या वर अशी कळ धरली की ती थेट पाठीत गेली. शाळेत पोरांना दरडावणारा मी मास्तर सासूच्या अंगणात गुडघ्यात डोकं घालून बसलो.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंडाला सूज आलीय. बायकोनं घाबरत विचारलं, “सिरियस आहे का हो?”

“ते आज कुणीच सांगू शकणार नाही. रक्तातल्या आकड्यानं आजार कोणता ते कळलं, किती जड ते नाही. दुखण्यावरूनही कळत नाही. दोन दिवस नाडी, श्वास, लघवी यांच्यावर नजर ठेवायची. सूज पोटापुरती राहिली तर आठवड्यात घरी. फुफ्फुसं आणि किडनी धरली, तर जिवावरचं आहे.” मग सिस्टरकडे वळून म्हणाले, “लघवी मोजून लिहा. कमी वाटली तर नळी घालू.”

एवढ्या बोलण्यातलं माझ्या डोक्यात काय राहिलं? नळी!

पुरुषांच्या वॉर्डात बायकांना थांबू देत नव्हते, म्हणून सोबतीला सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस, बोलणं कमी. वीस वर्षांत ते माझ्यासमोर कधी खाटेवर बसले नाहीत, कारण मी जावई. आणि आता यांनी माझ्या लघवीचा डबा उचलायचा? अरे देवा! त्यापेक्षा मी मेलेलो बरा, असं मला खरंच वाटलं.

म्हणून मी स्वतः संडासात जायचो. मामा दाराबाहेर सलाईनची बाटली उंच धरून, भिंतीकडं तोंड करून उभे. रेघा असलेल्या त्या डब्यात चहाच्या रंगाची चार बोटंही होत नव्हती. मला नळी आठवली. मी हळूच नळ सोडला आणि डबा चारशेच्या रेघेपर्यंत भरला.

“छान की हो काका!” सिस्टर म्हणाली आणि लिहून टाकलं. पहिला नंबर आल्यासारखा मी खूश. दुखणं दहापैकी किती, असं तिनं विचारलं तेव्हा मामांकडं बघून मी म्हणालो, “दोन.” होतं नऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर मामा माझ्या पोटाकडं टक लावून बसलेले. मी वैतागलो. “मामा, काय बघून राह्यले?”

“गप पडा, पाव्हणं. मोजून राह्यलो.”

मला गप म्हणाले! मी तोंड उघडेपर्यंत ते सिस्टरपाशी पोचलेसुद्धा. “बाई, मेंढरू काय दुखतंय म्हणून सांगत न्हाई, त्याची कूस बघावी लागती. सकाळी मिनिटाला अठरा दम व्हते. आता तीस भरले.”

मेंढरू! भर वॉर्डात! सिस्टरला हसू आलं. “अहो बाबा, लघवी तर चांगली होतेय त्यांना.” तरी ती घड्याळ धरून उभी राहिली. एकतीस. तिचं हसू गेलं.

डॉक्टर धावत आले. एकदा कागद बघितला, एकदा मला. “श्वास असा आणि लघवी इतकी? जुळत नाही.”

मामा खाली बघत म्हणाले, “आत नळ वाजत व्हता, साहेब. मला वाटलं, हात धूत असतील.”

मी रडलोच. सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, लघवी भरपूर होतेय म्हणून मी सलाईन कमी करायला सांगून गेलो होतो.”

मग ऑक्सिजन लागला, सलाईन वाढलं, पुन्हा रक्त काढलं, आयसीयूत नेलं. आणि जिच्यापायी मी जिवावर उदार झालो होतो, ती नळी अर्ध्या मिनिटात घालून झाली.

सहाव्या दिवशी ती काढली आणि मी परत वॉर्डात आलो. पुन्हा तोच डबा. मी तोंड फिरवून तो मामांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर नेला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, “चारशे! बराबर चारशे! बिलकुल नळाचं न्हाई!”

डबा ठेवून, हात धुऊन ते आले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या खाटेवर टेकले. “आता दुखतं का? खरं सांगा.”

“तीन,” मी म्हणालो. खरंच तीन होतं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं एकदा बघितलं आणि पुरतं एक मिनिट माझ्या पोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “सोळा,” आणि उपरण्यानं डोळे पुसले.