न्यूट्रलवर घाटात

एक धमकी मला आजही शब्दन्‌शब्द आठवते. आठवली की आधी हसू येतं आणि मग वाईट वाटतं.

निवडणुकीचे दिवस होते. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. अशा दिवसांत ठाण्यात दोनच गोष्टींना ऊत येतो, बंदोबस्ताच्या आदेशांना आणि तक्रारींना. एका दुपारी उचगावकडचा एक गृहस्थ आला. चाळिशीचा, कारखान्यात सुपरवायझर, अंगात इस्त्रीचा शर्ट. आवाज इतका हळू की ठाणे अंमलदार दोनदा म्हणाले, "मोठ्यानं बोला की पावणं!" त्यानं मोबाइल पुढे केला. फेसबुकवर 'गावचा वाघ' नावाच्या खात्यावरून त्याला लिहून आलं होतं, "मतदानादिवशी पार्टीच्या टेबलावर बसून दाखवच. न्यूट्रलवर घाटात सोडतो तुला."

"हा तुम्हाला ओळखतो?" मी विचारलं.

"न्हाय साहेब. मीबी तितं खरं नाव लावल्यालं न्हाय. पन त्येनं माझं घर हुडकलं तर? घरात म्हातारा बाप हाय, बारकी पोरगी हाय. त्येंच्या जिवाला काय झालं म्हंजे?"

तक्रार नोंदवून घेतली आणि मागचं सगळं वाचून काढलं. दोघं दोन पक्षांचे. सुरुवात रस्ता आणि पाण्यावरून झाली होती. मग एकानं कुठून तरी आलेला व्हिडिओ टाकला, दुसऱ्यानं त्याच्या वरताण टाकला, आणि गाडी एकमेकांच्या खानदानावर आली. माझ्यासमोर मान खाली घालून बसणारा हा गृहस्थ तिथं 'सडेतोड' नाव लावून वाघाला "विकला गेलेला" म्हणत होता. वाघ त्याला विचारत होता, "तुझ्या बापानं काय वळण लावलं का न्हाय तुला?"

कोल्हापूरच्या माणसाची शिवी मला नवी नाही. इथं तोंडावर शिवी देतात आणि पाठोपाठ चहा सांगतात. पण ह्या भांडणात चहा कुठंच नव्हता. महिनोन्‌महिने नुसती शिवी चालली होती.

सायबर शाखेचं उत्तर आलं आणि मी ते दोनदा वाचलं. धमकी ज्या वायफायवरून आली होती, ती जोडणी तक्रारदाराच्याच नावावर होती.

निवडणुकीत असे नग भेटतात. स्वतःच स्वतःला धमकी द्यायची, गळ्यात हार पडतो आणि दारात पोलीस उभा राहतो. मी त्याला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. तो रडकुंडीला आला. "साहेब, लेकीची शपथ! त्या टायमाला मी पाळीवर हुतो." कारखान्यात विचारलं, ते खरं निघालं. चोर त्याच्या घरातच होता, पण तो चोर हा नव्हता.

साध्या कपड्यात त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. गगनबावड्याच्या घाटातल्या एसटी बसवर आयुष्यभर ड्रायव्हर होते. बायको गेल्यापासून थोडे अबोल, असं मुलगा म्हणाला. सुनेनं चहा आणला. "आमच्या घरात राजकारणाचा विषय काढत न्हाय आमी," ती कौतुकानं म्हणाली. "दोगंबी आपापल्या खोलीत फोन बगत बसत्यात. भांडान न्हाय, काय न्हाय."

तेवढ्यात समोरच्या उतारावरून कुणीतरी मोटारसायकल बंद करून सोडली. म्हातारा ओरडला, "आरं, न्यूट्रलवर सोडतोस व्हय रं! घाटात असतास तर हाडं गोळा करावी लागली असती!"

माझा चहा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही ठाण्यात बोलावलं. मुलाला बाहेर बाकावर बसवून वडिलांना आत घेतलं. छापून आणलेला मजकूर पुढे ठेवला. त्यांनी एक शब्दही नाकारला नाही.

"लिवलं साहेब. दिसभर फोनवर त्येच त्येच येतंय. बगून बगून डोस्कं फिरतंय. त्यो सडेतोड तर लई माजल्याला. पन घाटात कशाला सोडतोय मी कुनाला? एक कोंबडी न्हाय मारली गाडीखाली. त्येचं घर सांगा, जाऊन पाया पडतो."

"लांब जायला नको," मी म्हणालो. "बाहेर बाकावर बसलाय."

ते उठले, दारातून डोकावले. बाकावर त्यांचा मुलगा एकटाच होता. ते तसेच दाराला धरून उभे राहिले. मुलानं वर बघितलं. माझ्या टेबलावरचा कागद, बापाचा चेहरा. त्याला सांगावं लागलं नाही.

"आबा, तुमी?"

"वळान लावलं का म्हनून... मीच इचारलं रं तुला," म्हातारा म्हणाला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. "फोन हातात घेटला की मीच न्यूट्रलवर गेलतो, साहेब."

मुलगा माझ्याकडे वळला. "गुन्हा नको साहेब. मीबी कमी न्हाय बोललो. विकला गेल्याला म्हनलोय मी... ह्येस्नी."

रीतसर जबाब घेतले, दोघांनाही लेखी समज दिली, प्रकरण तिथंच संपवलं. मला खरं तर दोघांची दयाच आली. चांगली माणसं होती. एकमेकांचा मान राखायचा म्हणून घरात गप्प बसली आणि गिळलेलं सगळं भिंतीपलीकडच्या परक्यावर ओकत राहिली. परका कुणी नव्हताच. एकमेकांना दगड मारणाऱ्या दोघांना सोडवणं सोपं, ते एकमेकांना दिसत असतात. तेव्हापासून अशी प्रत्येक तक्रार हाती घेताना मी आधी विचारायचो, हे तुम्ही ह्या माणसाला समोर बसून बोलला असता का?

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत त्याच गल्लीतून गस्तीची जीप नेली. त्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. "तुमचा उमेदवार आपटतोय, आबा!" "आरं जा की! डिपॉझिट ऱ्हातंय का बग तुज्या सायबाचं!" शिपाई उडी मारायच्या बेतात होता, मी त्याचा हात धरला. तेवढ्यात म्हाताऱ्याचा आवाज आला, "थांब मर्दा, आदी भाकरी खा. गार व्हायली. मग ऱ्हायल्यालं बोल."

मी जीप पुढे काढायला सांगितली.