बेरिंग ऐकणारे साडू

आमच्या साडूंइतका तयार कानाचा माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये सापडायचा नाही, आणि एवढा कान असून गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. ते ऐकतात फक्त चाकांचं बेरिंग. बँकेतून निवृत्त होऊन गासला राहतात आणि जुनी जीप लेकरासारखी सांभाळतात. चाकं ऐटीत बाहेर दिसावीत म्हणून त्यांनी तिला स्पेसर घातलेत, म्हणजे चाक आणि हबच्या मध्ये बसणारी जाड चकती. दर रविवारी जीप जॅकवर चढते. लेक हाताने चाक फिरवते आणि साडू आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ कानाला लावतात. अशा वेळी साक्षात जिल्हाधिकारी दारात आले तरी त्यांनी तोंड मिटून उभं राहायचं. मी एकदा शिंकलो, तर मला चहा मिळाला नाही.

पुढे त्यांच्या पुतण्याने आपल्या गाडीला ऑफसेट रिम बसवले, म्हणजे चकती न घालता नुसत्या रिमच्या घडणीनेच चाकं तेवढीच बाहेर काढली, आणि घरात दोन तट पडले. स्पेसर बेरिंग खातात, रिम खात नाहीत, असं पुतण्याचं म्हणणं. साडू भर पंगतीत जिलबी हातात धरून समजावायचे, "अरे, चाक बाहेर सरकलं की बेरिंगवर जोर वाढणारच. चकतीने सरकव नाहीतर रिमने, त्याला काय फरक पडतो? लक्ष ठेवावं लागतं, बस." कोणी ऐकेल तर शपथ! उलट लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, निकालच दिला की नवरी चकत्यांच्या जीपमधून हॉलवर जाणार नाही, पुतण्याच्या गाडीतून जाईल. लेक जन्मली तेव्हापासून साडूंच्या मनात होतं, तिला हॉलवर न्यायचं ते आपण आणि आपल्याच जीपमधून. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

लग्नाच्या सकाळी पुतण्याची फुलांनी मढलेली गाडी नवरीला न्यायला घराकडे निघाली आणि ती अजून केळीच्या बागेपलीकडे असतानाच साडूंनी सनईची रेकॉर्ड बंद करायला लावली. "डावं, पुढचं," ते म्हणाले. पुतण्या उतरून हसला. साडूंनी सोवळ्यातच जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, आणि ते हिंदकळलं म्हणजे केवढं! बेरिंग पार खलास. रिम निर्धोक समजून पठ्ठ्याने वर्षभर चाकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मेव्हणीने मुकाट्याने माळा उतरवून जीपवर चढवल्या. मग काय विचारता! सोवळ्यात, काळा गॉगल लावून, जवळचा रस्ता सोडून, हॉर्न वाजवत साडूंनी लेकीला अख्ख्या नालासोपाऱ्यातून मिरवत नेलं. मागच्या सीटवर मेव्हणी हळूच डोळे पुसत हसत होती.

पाचपरतावण्याला लेक आली तो रविवारच होता. हिरवा चुडा मागे सारून ती नेहमीसारखी चाकापाशी बसली. ती फिरवत राहिली, साडू ऐकत राहिले. चहा निवून गेला. तिने विचारलं, "बाबा, झालं का? कळंबला सासरी परत जायचंय मला."

बेरिंग ठणठणीत होतं, एव्हाना ते मलासुद्धा कळलं होतं. साडूंनी मूठ कानावरून काढली नाही.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "अजून नीट ऐकू येत नाहीये."