टेकडीवरच्या बंदुका

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या ऑफिसात माझं काम गोळ्या ऐकण्याचं आहे. आफ्रिकेतल्या एका मोठ्या राखीव जंगलात आमच्या कंपनीने झाडांवर मायक्रोफोन लावले आहेत. तिथे धडाड असा आवाज झाला की सॉफ्टवेअर तो ओळखतं, जंगलातल्या कंट्रोल रूमला इशारा देतं आणि आवाजाची क्लिप माझ्याकडे पाठवतं. मी हेडफोन लावून ठरवते की ती गोळी होती, वीज होती की नुसती फांदी मोडली. नागपूरला माझ्या आईला वाटतं, पोरगी मुक्या जनावरांसाठी काहीतरी चांगलं करते आहे. तिला मी आजवर एकही क्लिप ऐकवलेली नाही.

हत्ती एका गोळीत मरत नाही. पहिली लागते तसा तो ओरडतो, झाडं मोडत पळतो, मग दुसरी लागते, तिसरी लागते, मग तो पडतो आणि घशातून एक ओला आवाज काढत राहतो. तो आवाज चालू असतानाच कुऱ्हाडी सुरू होतात. सुळे मुळापासून हवे असतील तर अर्धं तोंड तोडावं लागतं आणि त्याच्या मरणाची वाट बघत बसायला कोणाला वेळ नसतो. पिल्लू जवळ असेल तर तेही ऐकू येतं. अशी क्लिप संपवून मी डबा उघडलेला आहे, पोळीभाजी खाल्लेली आहे, आणि खाता खाता मनातल्या मनात त्या माणसांचे हात कोपरापासून तोडलेले आहेत. लोक म्हणतात, होते सवय. मला राग यायची सवय झाली, एवढंच. रेंजर्सनी एखादी टोळी गाठली, त्यांच्या रायफली कडाडल्या आणि पुढे शांत झालं, की मी टेबलावर मूठ आपटून "बरं झालं" म्हणायचे. पलीकडच्या टेबलावरची मुलगी दरवेळी दचकायची.

आमचा टीम लीड पुण्याचा. स्वभावाने गरीब, आवाज चढवणार नाही, मीटिंगमध्ये सगळ्यांना चहा विचारणार. सॉफ्टवेअरला गोळी ओळखायला शिकवायची तर गोळी नसलेले आवाजही द्यावे लागतात, आणि ते त्याने कुठून आणले, तर घरून. एका दिवाळीत त्याने दुसऱ्या राज्यातून फटाके आणून आपल्या मागच्या अंगणात लावले आणि भोवती मायक्रोफोन ठेवून सगळं टिपून घेतलं. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की इथे गोळीबार चाललाय. दोन पोलीस बंदुकीवर हात ठेवून आत शिरले. हा रेशमी कुडत्यात, दोन्ही हात वर करून उभा, आणि त्याची आई त्या पोलिसांना मराठीतून सांगतेय की अहो, लवंगी आहे ती. ऑफिसात हा किस्सा तो फार रंगवून सांगायचा आणि आम्हीही पोट धरून हसायचो. त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरला लवंगी माळ कळायची, भुईचक्र कळायचं, कुकरची शिट्टीसुद्धा कळायची. त्या जंगलाभोवतीची माणसं कशाकशाला बार काढतात, हे विचारायचं मात्र आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या जंगलाच्या पश्चिमेला एक टेकडी आहे. माथ्यावर जुने दगडी चौथरे आहेत, पिढ्यान् पिढ्यांच्या कबरी. या टेकडीमुळेच त्या जागेला वारसास्थळाचा दर्जा मिळाला, पाहुणे येऊ लागले, देणग्या येऊ लागल्या, आणि त्या देणग्यांतून आमचे मायक्रोफोन आले. ज्यांचे पूर्वज त्या चौथऱ्यांखाली आहेत ती माणसं पायथ्याशी राहायची. वारसा जपायचा म्हणून त्यांना उचलून कुंपणाबाहेर नेऊन ठेवलं. आता वर जायचं तर त्यांना परवाना काढावा लागतो. परवान्याचं ऑफिस शनिवार-रविवार बंद असतं.

त्या शनिवारी माझी ड्यूटी होती. आमच्याकडे जेमतेम सकाळचे अकरा, तिकडे संध्याकाळ. टेकडीवरून आवाज आला: एक बार, मग बऱ्याच वेळाने दुसरा, मग तसाच तिसरा. जाड, पसरट आवाज. सॉफ्टवेअरने क्षणात इशारा पाठवला, कंट्रोल रूमने गस्तीची गाडी सोडली. मी त्या मायक्रोफोनचा आवाज थेट चालू ठेवून ऐकत राहिले. कोणीतरी गाऊ लागलं. एक तरुण आवाज ओळ म्हणत होता आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणत होते. मी कान देऊन बसले, कारण हत्ती मारायला आलेले लोक गात नाहीत. कंट्रोल रूमला फोन लावला, तो एंगेज. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावत होते तेव्हा रायफली सुरू झाल्या.

गाणं मध्येच तुटलं. मग बायका ओरडल्या. इतक्या वर्षांत माझ्या हेडफोनमध्ये बाईचा आवाज कधी आला नव्हता. कोणीतरी पळत आलं आणि मायक्रोफोनच्या झाडाखालीच पडलं असावं, कारण त्याचा श्वास अगदी कानाशी ऐकू येत होता, वर बुडबुडे फुटल्यासारखा. मग तो श्वास थांबला. त्यानंतर बंदुकीच्या दस्त्याने माणसाला बडवण्याचा आवाज सुरू झाला, आणि तो फार वेळ चालला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. तो तुटला. ड्यूटी संपेपर्यंत मी दुसरा लावला नाही.

कंट्रोल रूमचा प्रमुख एक सार्जंट होता, आम्ही आपसात त्याला हवालदार म्हणायचो. भला माणूस. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. सोमवारी व्हिडिओवर आला तेव्हा त्याने दाढी केलेली नव्हती.

"मॅडम, ती अंत्ययात्रा होती," तो म्हणाला. "म्हातारी शुक्रवारी गेली. परवाना मिळेपर्यंत प्रेत ठेवणार कुठे? ते लोक वर गेले. कबरीपाशी ठासणीच्या बंदुकीतून तीन बार काढतात, खालच्या पूर्वजांना कळावं म्हणून की एक माणूस येतंय. जुनी रीत आहे."

"तुम्हाला माहीत होती?"

"मी दुसऱ्या भागातला. पण गस्तीवरच्या एकाला माहीत होती. त्याने गाडीत सांगितलंसुद्धा. तुमचा इशारा स्क्रीनवर लाल दिसत होता, त्यामुळे त्याचं कोणी ऐकलं नाही."

दोघे मेले होते. एक शेजारी आणि म्हातारीचा धाकटा मुलगा. गाणं सांगत होता तो हा धाकटा. थोरल्याने बार काढले होते. त्याचा पाय मोडला, एक डोळा गेला, आणि वर त्याच्यावरच खटला झाला, की अंत्ययात्रेच्या आडून शिकारीला आला आणि त्याने रेंजर्सवर आधी गोळी झाडली. आरोप शाबित झाला तर शिक्षा जन्मठेपेची होती. पुरावा म्हणून आमचा रिपोर्ट लावला होता. त्यात एकच ओळ होती: टेकडीवर गोळीबार, दोन प्रकारची शस्त्रं. आधी कोणतं आणि नंतर कोणतं, मधे किती वेळ गेला, याबद्दल अवाक्षर नाही.

थोरल्याच्या वकिलाने कंपनीला विनंती केली की ही क्लिप उलगडून सांगणारं कोणीतरी कोर्टात व्हिडिओवर द्या. ती क्लिप मी पुढे शेवटपर्यंत ऐकली होती; आमच्या ऑफिसात पूर्ण ऐकलेली मी एकटी. लीडने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं, चहा ठेवला.

"यार, तू यात पडू नकोस," तो म्हणाला. "क्लायंट कोण आहे? पार्क. डेटा कोणाचा? पार्कचा. आपण फक्त सर्व्हिस प्रोव्हाइड करतो."

"त्याला जन्मठेप होईल."

"ते कोर्ट डिसाइड करेल ना. तुझं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. क्लायंटने कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलं तर पहिली तुझी पोझिशन जाईल. मुलीची शाळा आहे. थोडं प्रॅक्टिकल हो."

"तुझ्या अंगणात पोलीस आले होते," मी म्हणाले. "त्यातल्या एकाचं बोट सटकलं असतं तर? वर तुझ्या आईवर केस झाली असती, की लवंगी लावून पोलिसांवर हल्ला केला, तर?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

त्याने माझा चहा माझ्यापुढे सरकवला. चहाचा कप उचलून भिंतीवर मारावा असं मला फार वाटलं. मारला नाही, पण उठून सांगितलं की मला बोलू दिलं नाही तर ती क्लिप मी पार्किंगमध्ये गाडीच्या स्पीकरवर फुल आवाजात लावीन, रोज, लंचच्या वेळी. मी ते केलं असतं. आमच्या डायरेक्टरलाही तसंच वाटलं असावं, कारण दोन दिवसांत परवानगी आली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बोल. पुढचं पुढे बघू." मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "मॉम, आर यू स्केअर्ड?" मी घाबरले नव्हते. मला कोणाला तरी मारायचं होतं आणि मारण्याजोगं कोणी हाताशी नव्हतं.

सुनावणीच्या सकाळी मी कॉन्फरन्स रूममध्ये बसले, शेजारी कंपनीचा वकील. स्क्रीनवर कोर्ट दिसत होतं. थोरला काठी टेकून उभा होता. पाय कसातरी जुळवलेला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. एका डोळ्याच्या जागी नुसती शिवण. क्लिप लावली गेली आणि मी थांबवत थांबवत सांगत गेले. हा ठासणीच्या बंदुकीचा बार, दारू सावकाश जळते म्हणून आवाज जाड. हा दुसरा. हा तिसरा. यानंतर गाणं. यानंतर रायफली, सुका आणि चिरणारा आवाज. यानंतर शेवटपर्यंत एकही जाड बार नाही. म्हणजे याने रेंजर्सवर बंदूक झाडलेली नाही. झाडली असती तर ती इथे ऐकू आली असती.

सरकारी वकिलाने विचारलं, "तुमचंच सॉफ्टवेअर याला गोळीबार म्हणालं ना?"

"त्याला आम्ही आमच्या दिवाळीचे फटाके ऐकवले होते," मी म्हणाले. "या लोकांची अंत्ययात्रा ऐकवली नव्हती. ती त्याला कळली नाही. गस्तीतल्या एका माणसाला कळली होती, त्याला बोलवा."

आमच्या वकिलाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी पाय बाजूला घेतला.

मग पूर्ण क्लिप न थांबवता लावली. रायफली सुरू झाल्या तेव्हा थोरल्याने काठी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी कान झाकले. पुढे ज्याला बडवत होते तो हा स्वतःच होता. तेव्हा त्याने हात खाली घेतले आणि नुसतं समोर बघत ते ऐकलं.

काही आठवड्यांनी निकाल लागला. गोळी झाडल्याचा आरोप टिकला नाही, जन्मठेप टळली. विनापरवाना वारसास्थळात शिरल्याचा आरोप मात्र टिकला. आपल्या आईला पुरायला गेल्याबद्दल त्याला दंड झाला. ज्यांनी दोघांना मारलं त्यांच्यावर खटलाच झाला नाही. हवालदाराची बदली झाली. माझी नोकरी अजून आहे, लीड माझ्याशी कामापुरतं बोलतो, आणि टेकडीवरचे मायक्रोफोन जागच्या जागी आहेत. रेंजर्सच्या रायफली कडाडल्या की मी आता काही म्हणत नाही. हत्ती मारणाऱ्यांबद्दलचा माझा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही, आणि या दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवताना मला फार त्रास होतो.

निकालानंतर थोरल्याच्या वकिलाचा फोन आला. त्याच्या अशिलाने एक गोष्ट मागितली होती. धाकट्याचा आवाज घरात कोणाकडेच नाही, फोनमध्ये नाही, कुठेच नाही. तुमच्या क्लिपमध्ये तो गातोय. तेवढं गाणं कापून मिळेल का? गोळ्या नकोत. गोळ्यांच्या आधीपर्यंतचं.

क्लिप पार्कच्या मालकीची होती. मी कोणाला विचारलं नाही. दुपारी दार लावून बसले आणि गाणं वेगळं काढलं. सुरुवात सोपी होती, तिसऱ्या बारानंतर तो खाकरतो आणि सूर लावतो. शेवट जमेना. स्क्रीनवर आवाजाची रेघ ताणून ताणून मोठी केली, तरी त्याचा शेवटचा शब्द आणि पहिली रायफल यांच्यामध्ये जागाच निघेना. शब्द पुरा ठेवला तर गोळी आत येत होती. गोळी काढली तर शब्द अर्धा राहत होता. मला ती भाषा येत नाही, तो शब्द काय होता हेही मला ठाऊक नाही. पुन्हा पुन्हा ऐकलं, शेवटी रडू फुटलं. मग गोळीच्या अलीकडे कापलं आणि तो अर्धा शब्द त्याच्या भावाला पाठवून दिला.