पत्ते मालवणचे, कब्जा भलत्याचा

मालवणात इंटरनेटची जोडणी देणाऱ्या त्या इंटरनेटवाल्याचं प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. त्याच्या इंटरनेट पत्त्यांवरून, म्हणजे आयपी क्रमांकांवरून, फसवणुकीचे मेल गेले होते आणि परराज्यातलं पोलीस पथक त्याला न्यायला माझ्या पोलीस ठाण्यात येऊन बसलं होतं.

"सायबानू, माका अटक झाली तर चेडवाचा लगीन मोडतला. मी काय्येक करूक नाय," तो म्हणाला. मुलीचं लग्न तोंडावर होतं. पण असं गुन्हेगारही म्हणतो.

तेवढ्यात याच धंद्यातल्या बांद्याच्या एका व्यावसायिकाने फोनवर खबर दिली. याचे पत्ते एक भलतीच कंपनी स्वतःकडचे म्हणून जाहीर करत होती. असं जाहीर झालं की बाकीच्या इंटरनेट कंपन्या बरेचदा न तपासता विश्वास ठेवतात, आणि तिथून गेलेले मेल याच्या नावावर पडतात. सातबारा एकाचा, कुंपण दुसऱ्याचं. असले तंटे आम्ही सिंधुदुर्गात रोज बघतो.

मी पथकाला थांबवलं आणि पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्ही पोलीस नाही. जाहीर करणाऱ्याला आम्हाला अडवता येत नाही. पत्ते कुणाचे, एवढंच सांगू." माझं डोकं फिरलं. पण त्यांनी त्या कंपनीला विचारलं. नोंदीतल्या मेल पत्त्यावरूनच मालकाची परवानगी आली, असं उत्तर मिळालं. तो मेल पत्ता होता याच्या धंद्याच्या जुन्या नावाच्या वेबसाइटचा.

"ह्या नाव मी कधीच सोडलंय," तो म्हणाला. "धंदो चलत नाय हुतो. देवाक कौल लावलंय, देवान नाव बदलूक सांगल्यान."

फलक बदलला, पावत्या बदलल्या. नोंद तशीच राहिली, आणि वेबसाइटच्या जुन्या नावाचे पैसे भरणं थांबल्याने ते कुणालाही विकत घेण्याजोगं झालं. जुन्या नावाची वेबसाइट सांभाळणारा शिरोड्याचा होता. त्याला बोलावलं. त्याने बराच वेळ उडवाउडवी केली.

मी म्हटलं, "जुनं नाव मोकळं झालं, हे देवाला, याला आणि तुला ठाऊक. परवानगी याने दिली असती तर नव्या नावाने लिहिलं असतं. देव मेल करत नाही."

शेवटी त्याने कबूल केलं. सोडलेलं नाव त्यानेच विकत घेतलं होतं, मालक बनून त्या कंपनीला परवानगी दिली होती आणि तिच्यामार्फत ते मेल धाडले होते.

संस्थेचा लेखी खुलासा वाचून पथक त्या शिरोड्याच्या माणसाला घेऊन गेलं. बाईंना अटकेचा अधिकार नव्हता, पण मालक कोण हे त्यांनी ठामपणे सांगितलं नसतं, तर माझ्या जिद्दीला कोण विचारणार होतं?

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मालवणचा इंटरनेटवाला घरी आला. म्हणाला, "सायबानू, धंद्यासाठी देवाक परत कौल लावू काय?"

"लाव. पण आधी नोंद बदल."

"ती कालच बदललंय," तो म्हणाला, आणि रडू लागला.