चुलीपाशी बसवलेलं नाक

ज्या वर्षी आमच्या गावात तापाची साथ आली, त्या वर्षी ताप आमच्या घरात मी आणला. मी शाळेत मास्तर. वर्गातली निम्मी मुलं खोकत होती आणि मी त्यांच्या पाट्या तपासत त्यांच्यावर वाकून उभा राहत होतो. मी पडलो, बायकोने रात्रंदिवस माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. मी उठलो आणि ती पडली. तिचा ताप उतरला, अंगात ताकद आली, ती पुन्हा विहिरीवर जाऊ लागली. पण तिचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास जाणवायचा बंद झाला होता.

हे मनाला इतकं लागलं की मी चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलो तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं. जाळीच्या पलीकडून फादर म्हणाले, "तापाचं पाप नसतं. दुसरं काही असेल तर सांग." मी पुन्हा तापावरच आलो. त्यांनी मोठा श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

घरात हे लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही. तिलाही नाही. तिला वाटलं जेवणच बिघडलंय. आधी तिने मासळीवालीला बोल लावले, की बोंबील शिळे देतेस. मग माझ्या धाकट्या भावाच्या बायकोवर आली, की कालवणात पाणी कोणी ओतलं. खारट कळायचं, आंबट कळायचं, गोड कळायचं. पण कोळंबी आणि दुधी यांत फरक राहिला नव्हता. एके दिवशी दूध करपून सगळ्या घरात वास भरला आणि ती त्याच चुलीसमोर बसून शांतपणे लसूण सोलत होती. तेव्हा आम्हाला कळलं.

त्यानंतर जो येईल तो उपाय सांगायचा. ओव्याची पुरचुंडी हुंगव. तपकीर ओढ. कांदा फोडून नाकाशी धर. गरम पाण्याची वाफ घे. माझ्या आईने एरंडेल गरम करून टाळूवर चोळलं. मी रोज संध्याकाळी एकेक वस्तू तिच्या नाकाशी धरायचो, लवंग, घासलेटची चिंधी, चाफ्याचं फूल, आणि विचारायचो, "काही येतं?"

"तुमचा हात दिसतो," ती म्हणायची. "दुसरं काय नाय."

मी तरी धरतच राहायचो. शेवटी तिने एकदा माझ्या हातातली लवंग घेतली आणि खाऊन टाकली.

एवढं सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्याकडे ईस्टर झाला की उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतात. मिरच्या, धने, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, लवंग, दालचिनी आणि बरंच काही, सगळं वेगवेगळं भाजायचं, लाकडी उखळात मुसळांनी कुटायचं आणि काळ्या बाटल्यांत दाबून भरायचं. कुटायला कोणीही चालतं. भाजायला मात्र घरातली एकच बाई बसते. कोणता जिन्नस किती भाजला हे ती वासावर ठरवते. ती भाजायच्या मातीच्या खापरासमोर असली की तिच्याशी कोणी बोलत नाही, सासूसुद्धा. आमच्या घरात ती बाई माझी बायको होती. नुसती आमच्या घरात नाही, आळीतल्या चार घरांतून तिला भाजायला बोलावणं यायचं, आणि त्या दिवशी ती चांगलं लुगडं नेसून जायची. तिच्या माहेराहून तिने दुसरं काही आणलं नव्हतं. ही चूल गेली तर तिचं काय राहिलं, असं ती मला एकदाच म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही.

धाकटी भावजय बोळिंजची. वाईट नव्हती, पण हात शिवशिवत होते तिचे. "जाऊबाय, या वर्षी मी बसते. तू दाखव, मी भाजते," असं ती रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने म्हणायची. बायको ऐकू न आल्यासारखं करायची. मला दोघींचा वैताग येऊ लागला होता, आणि वैताग येतो म्हणून स्वतःचाही.

मिरच्यांचे देठ काढून झाले. पहिल्या दिवशी मिरच्याच भाजायच्या होत्या. त्याला नाकाची फारशी गरज नसते, म्हणून बायको खापराला बसली. थोड्याच वेळात सगळं घर खोकू लागलं. आई पदर तोंडावर घेऊन पडवीत गेली. आणि खापरासमोर बायको शिंकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

मी धावत सुटलो. भावाला सांगितलं, आईला सांगितलं, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यालाही सांगितलं, की हिचा वास परत आला. बायकोलाही वाटलं असावं. तिने डबा उघडून लवंगा तळहातावर घेतल्या, नाकाशी नेल्या, पुन्हा नेल्या. मग डबा बंद केला.

"अगं, शिंक आली ना," मी म्हणालो. "नाक चालतंय. आता हळूहळू येईल."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून तिच्या नाकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलत होतो मीच.

"मास्तर, मिरचीचा ठसका म्हणजे वास नव्हे," ते म्हणाले. "ते झोंबणं आहे. डोळ्यात कांदा झोंबतो तेव्हा डोळ्याला कांद्याचा वास येतो का? त्याची नस वेगळी. ती हिची शाबूत आहे."

"मग वासाची?"

त्यांनी स्वतःच्या दोन भुवयांच्या मधोमध बोट ठेवलं. "नाकाच्या पार वर, इथे, रुपयाएवढीही जागा नसेल. तिथे बारीक बारीक धागे असतात. वर हाडाची चाळणी असते, तिच्या भोकांतून ते मेंदूत जातात. श्वासाबरोबर वस्तूचे कण वर जातात, त्या धाग्यांना लागतात, आणि मेंदू ठरवतो, ही लवंग. तापाने ते धागे मेलेत. कधीकधी पुन्हा फुटतात, कधी नाही. फुटले तरी वेळ लागतो."

"म्हनून जेवण कळत नाय?" बायकोने विचारलं. तिथे ती पहिल्यांदाच बोलली.

"जीभ फक्त खारट, आंबट, गोड, कडू सांगते. बाकीची चव म्हणजे वासच. घास चावताना, गिळताना तो घशामागून नाकात वर चढतो."

येताना ती माझ्या पुढे चालत होती. मागे न बघताच म्हणाली, "तुमी शेजाऱ्यांनापन सांगितलंत. आता सगळे विचारायला येतील."

आले. प्रत्येकाला तिनेच उत्तर दिलं.

धने भाजायच्या सकाळी भावजय आपणहून खापराशी येऊन बसली होती. बायको म्हणाली, "ऊठ." भावजय उठेना. आई कोणाचीच बाजू घेईना. तेव्हा मी, ज्याला कोणी विचारलं नव्हतं तो, म्हणालो की भाजेल हीच, आणि वास मी घेईन. मला वाटलं, माझ्या तापाची थोडी भरपाई होईल.

"भावजी वास घेनार," भावजय म्हणाली. "गेल्या वर्षी सडलेला फणस पडवीत होता, सगळ्या आळीला वास आला, यांना नाय."

बायकोने मला शेजारी पाट दिला. धने झाले, मी सांगितलं, तिने उतरवले. बडीशेप झाली. दालचिनी, लवंग, दगडफूल. मला अभिमान वाटू लागला. मग मोहरी आली आणि मला काही येईना. आधी वाटलं अजून भाजली नसेल. मी नाक खापराजवळ नेलं, भाजून घेतलं, तरी काही नाही. लवंग, दगडफूल, मोहरी, सगळ्यांचा मिळून एक जाड थर नाकात बसला होता आणि त्यातून नवीन काही आत शिरत नव्हतं. डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं, पण मला मास्तर म्हणून तरी सुचायला हवं होतं. तबेल्यातल्या माणसाला शेणाचा वास येत नाही, आपल्याला आपल्या घराचा येत नाही. नाक बातमी देतं, आणि तीच ती बातमी ऐकून कंटाळलं की गप्प बसतं. उठून बाहेर वाऱ्यावर जाऊन आलो असतो तर काम झालं असतं.

पण भावजय दारात उभी होती. मी बसून राहिलो. तिळाच्या वेळी बायकोने विचारलं, "झालं?" आणि मी म्हणालो, "थोडं थांब." पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो, कारण काय म्हणावं ते मला कळत नव्हतं. तिने तिळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

पहिला घाणा कुटून झाला. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे जेवायला बसलो, तर त्याच मसाल्याचं मटण होतं. पहिल्या घासाला माझा भाऊ थांबला. मग म्हणाला, "मस्त." आई म्हणाली, "बरं झालंय." भावजय म्हणाली, "जाऊबाय, फार छान," आणि दोनदा म्हणाली. इतकं कौतुक आमच्या घरात कधी नाताळालाही झालं नव्हतं. बायको सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिच्या स्वतःच्या तोंडात खारट आणि तिखट सोडून काहीच नव्हतं.

"तुमी बोला," ती मला म्हणाली.

मी भाकरी मोडत राहिलो.

"तुमी बोला. हे सगळे खोटं बोलतात."

"जळकट लागतंय," मी म्हणालो.

"झाकन काढल्यावर येतो वास, का घास गिळल्यावर?"

"गिळल्यावर. मागून."

"मग तीळ. धने असते तर झाकन काढतानाच आला असता." ती एवढी सहज बोलली की आई चावायची थांबली. "आन तीळ कोनी थांबवले?"

मी सांगितलं की मोहरीपासूनच मला काही येत नव्हतं.

तिने ओरडायला हवं होतं. मी त्याची तयारी केली होती. ती म्हणाली, "शिंक आली तर गावभर सांगितलंत. वास गेला ते शेजारी बसून सांगवलं नाय." आणि वाटीतला रस्सा माझ्या ताटात वाढला, वर आणखी एक पळी. "हा घाना आता आपल्या दोघांचा. वर्षभर. मला काय, मला सगळं सारखंच."

मग ती भावजयीकडे वळली. "दुसऱ्या घान्याला तू बसायचं. माझ्या बाजूला."

"मी भाजू?"

"भाजीन मी. तू नुसता वास घ्यायचा."

"म्हंजे मी नुसतं नाक?"

"हा. नाक. तोंड घरी ठेवून ये."

आई हसली. ताप आल्यापासून आई हसलेली मला आठवत नव्हती.

दुसऱ्या घाण्याला मला अंगणात मिरच्यांवरून कोंबड्या हाकलायला बसवलं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं. भावजय म्हणायची "झालं", बायको म्हणायची "नाय झालं, तडतड कमी नाय झाली." भावजय म्हणायची, "मग मला कशाला विचारतेस?" प्रत्येक जिन्नस उतरला की बायको तिला दटावून विहिरीपर्यंत पिटाळायची, "जा, वारा खाऊन ये, नायतर तुझंपन भावजींसारखं होईल." भावजय माझ्यासमोरून पाय आपटत जायची आणि पाय आपटत यायची. माझ्याकडे बघायची नाही. तिळाला दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मग एकदम दोघी गप्प झाल्या आणि खापर खाली ठेवल्याचा आवाज आला.

घाणा कुटून झाल्यावर आईने चिमूटभर तळहातावर घेतला, हुंगला, जिभेवर ठेवला. मग बाटल्या आणायला स्वतः उठली.

त्याच आठवड्यात आळीच्या टोकाच्या घरची बाई आली. दरवर्षी तीच यायची. या वर्षी दारात घुटमळली. तिलाही सगळं माहीत होतं, मी कुंपणावरून सांगितलेलं आळीच्या टोकापर्यंत गेलं होतं. "येनार ना गं तू आमच्याकडे?" तिने विचारलं, आणि लगेच पुढे म्हणाली, "नाय जमलं तरी काय नाय हां."

"येतो," बायको म्हणाली. "आमी दोघी येतो."

भावजय आधीच आत लुगडं बदलायला गेली होती. बायको तिच्यासाठी उंबऱ्यात थांबली, आणि मला म्हणाली की मिरच्या पालटा, वरच्या वर हात फिरवू नका, खालून पालटा.