झडपेची गळती

हिंदमाता कापडबाजारातल्या दुकानांसाठी मीराबाईंनी तीस वर्षं साड्यांना फॉल लावले. हृदय कमजोर असल्याचं ठाऊकच होतं. पण आता आडवं पडलं की श्वास कोंडायचा. हृदयाची इको तपासणी पाहून डॉक्टर म्हणाले, "झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतंय. कमजोर हृदयाला हा भार झेपणार नाही. असंच राहिलं तर जिवाला धोका वाढेल. ऑपरेशन करून झडपेला क्लिप लावावी लागेल."

"प्रिती, ऑपरेशनच्या टेबलावरच गेले तर गं?" मीराबाईंनी लेकीला विचारलं.

तीन दिवस घास उतरला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली. मांडीच्या शिरेतून नळी घालून डॉक्टरांनी झडपेच्या पाकळ्या चिमटून धरणारी क्लिप लावली. गळती कमी झाली, पण थांबली नाही. आता मीराबाई आडव्या झोपतात. मात्र जराशी धाप लागली तरी दचकून उठून बसतात.